बर्मिंगहॅमची वही आणि अमेरिकेची दोन पेटंटे

सूक्ष्मतरंगांचा क्षीण संकेत वाढवणारी ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब कोणी शोधली, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांत एका ओळीचे उत्तर असते: रुडॉल्फ कॉम्फ्नर, बर्मिंगहॅम, १९४२-४३. या उत्तराला आधार आहे. कॉम्फ्नरच्या वहीत या नलिकेचे पहिले रेखाटन आहे आणि त्यावर १२ नोव्हेंबर १९४२ ही तारीख आहे. पण त्याच्या बरोबर सोळा दिवस आधी, २७ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २३,००,०५२ क्रमांकाचे पेटंट दिले होते. आरसीए कंपनीतला नील्स लिंडेनब्लाड हा त्याचा धनी, आणि त्याचा अर्ज ४ मे १९४० चा. त्याच्याही मागे आणखी एक पेटंट आहे. अँड्र्यू हेफचा अर्ज २३ ऑक्टोबर १९३३ चा आणि मंजुरी १५ डिसेंबर १९३६ ची. तिन्ही कागद अस्सल आहेत, त्यांच्या तारखांविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो या कागदांना नेमके काय विचारायचे याचा.

आधी वही घेऊ. कॉम्फ्नर हा व्हिएन्नाचा, जन्म १९०९ चा, शिक्षणाने वास्तुविशारद. ज्यूद्वेषाच्या वाऱ्यामुळे १९३४ मध्ये तो इंग्लंडला आला आणि पुढे लंडनमधल्या एका बांधकाम कंपनीचा कारभार पाहू लागला. भौतिकशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. त्यासाठी तो लंडनच्या पेटंट कार्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसे आणि वाचलेले, सुचलेले वहीत टिपून ठेवी. महायुद्ध सुरू झाल्यावर ऑस्ट्रियन म्हणून त्याला शत्रुदेशाचा नागरिक ठरवून काही काळ स्थानबद्ध केले गेले. सुटका झाल्यावर १९४१ मध्ये त्याच माणसाला ब्रिटिश नौदलाने बर्मिंगहॅम विद्यापीठात मार्कस ऑलिफंटच्या विभागात गुप्त कामावर घेतले. ज्याला काल कुंपणाआड ठेवले, त्याच्या हाती आज रडारचे गुपित. युद्धकाळातल्या नोकरशाहीला यात काही विसंगत वाटले नसावे.

ऑलिफंटचा विभाग तेव्हा सूक्ष्मतरंगांचे माहेरघर होता. रँडल आणि बूट यांनी आपला कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तिथेच फेब्रुवारी १९४० मध्ये चालवून दाखवला होता. मॅग्नेट्रॉन जोरदार तरंग पाठवतो. परत येणारा प्रतिध्वनी मात्र अतिक्षीण असतो, तो वाढवायचा कसा? हे काम कॉम्फ्नरकडे आले. हाताशी होती क्लायस्ट्रॉन नलिका. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत एका अरुंद फटीतून जातो. त्या फटीतले विद्युतक्षेत्र झोताला क्षणभर ढकलते किंवा अडवते, आणि तेवढ्याच वेळात संकेताने झोतावर आपला ठसा उमटवायचा असतो. ठसा ठळक हवा तर फटीतले क्षेत्र प्रबळ हवे. त्यासाठी फट एका विशिष्ट कंप्रतेलाच दणाणणाऱ्या धातूच्या पोकळीत बसवावी लागते. म्हणजे एकीकडे क्षणभराच्या फिक्या ठशावर झोताची स्वतःची खरखर (नॉइज) मात करते आणि दुसरीकडे नलिका कंप्रतेच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरतीच कामाची उरते.

कॉम्फ्नरने फटच काढून टाकली. झोत आणि संकेत यांची भेट क्षणाची कशाला, दोघांनी सोबत प्रवास केला तर? अडचण वेगाची. तारेवरचा तरंग प्रकाशाच्या वेगाने धावतो. साधारण १,८०० व्होल्टचा दाब दिलेला इलेक्ट्रॉन त्याच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याने जातो. उपाय असा की तार मळसूत्रासारखी गुंडाळायची. तरंग तारेवरून पूर्ण वेगाने जातो, पण प्रत्येक वेढा फिरून आल्यावर तो अक्षाच्या दिशेने थोडासाच पुढे सरकलेला असतो. वेढ्यांमधले अंतर योग्य ठेवले की त्याची पुढची चाल इलेक्ट्रॉनांच्या चालीशी जुळते. मग नळीच्या संपूर्ण लांबीभर तरंग झोताला कुठे रेटतो, कुठे रोखतो. इलेक्ट्रॉनांचे घोळके होतात, ते तरंगाला आपली ऊर्जा देऊ लागतात, तरंग वाढतो आणि वाढलेला तरंग घोळके आणखी दाट करतो. पोकळी नाही, त्यामुळे एकाच कंप्रतेचे बंधनही नाही.

१९४३ मध्ये अशी नलिका तयार झाली आणि सुमारे ९ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर तिने संकेत वाढवून दाखवला. वेगाची जुळणी हाच सगळ्याचा गाभा असल्याने व्होल्टेज जरा इकडेतिकडे झाले तरी परिणाम पालटतो. एका दाबाला संकेत वाढतो, दुसऱ्याला तो बाहेर पडताना जवळजवळ नाहीसा होतो. या दुसऱ्या अवस्थेला आजही ‘कॉम्फ्नर डिप’ म्हणतात. गुप्ततेमुळे छापील मजकूर मात्र युद्ध संपेपर्यंत आला नाही. ‘वायरलेस वर्ल्ड’च्या नोव्हेंबर १९४६ च्या अंकात कॉम्फ्नरचा लेख आला, म्हणजे रेखाटनानंतर चार वर्षांनी.

आता पेटंटांकडे वळू. लिंडेनब्लाड हा अँटेनांचा जाणकार. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावरून टेलिव्हिजन प्रक्षेपित करणारी अँटेना त्याने घडवली होती आणि तिच्यावरचा त्याचा लेख ‘आरसीए रिव्ह्यू’च्या एप्रिल १९३९ च्या अंकात आहे. वर्षभराने भरलेल्या त्याच्या अर्जात काचेच्या नळीभोवतीचे मळसूत्र आहे, मधून जाणारा झोत आहे, तरंग आणि झोत यांच्या चालीची जुळणीही आहे. इतकेच नाही, झोत ऊर्जा देत देत मंदावतो म्हणून मळसूत्राचे वेढे पुढेपुढे दाट करत न्यावेत, ही सूचनाही आहे. पुढच्या काळात या नलिकांची कार्यक्षमता वाढवायला हीच युक्ती वापरली गेली. ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास ३० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात त्याने वर्धन मिळवलेही होते. हे केवळ कागदी घोडे नव्हते.

हेफची गोष्ट वेगळी. त्याचा जन्म मॉस्कोचा. क्रांतीनंतर घराणे पूर्वेकडे हार्बिनला सरकले आणि तिथून तो अमेरिकेत कॅलटेकला पोहोचला. १९३२ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याच्या पेटंटात मळसूत्र आहे, झोत आहे, तरंगाची मंदावलेली चालही आहे. पण झोत मळसूत्राच्या आतून जात नाही, बाहेरून जवळून जातो, आणि झोत नेमका रोखणारी पुढच्या काळातली इलेक्ट्रॉन गन त्याच्यापाशी नाही. वर्धन होऊ शकते, पण तुटपुंजे. हेफ १९३४ मध्ये आरसीएमध्ये रुजू झाला आणि त्याचे पेटंटही त्या कंपनीकडे गेले. म्हणजे १९४२ च्या ऑक्टोबरअखेर मळसूत्री नलिकेची दोन्ही पेटंटे टेलिव्हिजनवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या एकाच कंपनीच्या दप्तरात होती.

कॉम्फ्नरने ही पेटंटे पाहिली असतील का? लिंडेनब्लाडच्या पेटंटाबाबत तारखाच बोलतात. युद्ध ऐन भरात, अटलांटिकमध्ये पाणबुड्यांचा सुळसुळाट, आणि वॉशिंग्टनचा कागद सोळा दिवसांत बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत येऊन तिथे वहीत रेखाटन व्हावे, हे पटत नाही. हेफच्या पेटंटाबाबत इतके ठाम बोलता येत नाही, कारण ते १९३६ पासून उघड होते आणि कॉम्फ्नर पेटंट ग्रंथालयाचा नेमाने जाणारा वाचक होता. तरीही माझे मत स्वतंत्र शोधाच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण वहीचाच ओघ. उसनी कल्पना वहीत येते ती तयार आकृती म्हणून. इथे सुरुवात क्लायस्ट्रॉनच्या खरखरीपासून होते आणि फट नको या निष्कर्षातून मळसूत्र येते.

आपल्याकडे इतिहासाची साधने तपासताना बखर आणि अस्सल पत्र यांत फरक करायची शिस्त राजवाड्यांनी घालून दिली. ती इथेही लावावी. कॉम्फ्नरने १९६४ मध्ये आपल्या शोधाची हकिगत पुस्तकरूपाने सांगितली. ती वीस वर्षांनी, यशस्वी माणसाने सांगितलेली हकिगत आहे, म्हणजे बखरच. मात्र तिच्यासोबत वहीची पाने आहेत आणि ती समकालीन आहेत. दुसऱ्या बाजूलाही एक बखर आहे. २०१५ मध्ये इतिहासकार जॅक कोपलंड आणि हेफचे चिरंजीव यांनी ‘आयईईई स्पेक्ट्रम’मध्ये लेख लिहून शोधाचे श्रेय हेफला मागितले. मुलाने बापाची बाजू मांडली म्हणून ती खोटी ठरत नाही, कारण १९३३ च्या अर्जाची तारीख कोणाच्या मायेवर अवलंबून नाही. पण पेटंट हा दावा असतो. तो शक्य तितका ऐसपैस लिहायचा हा वकिलांचा धर्मच. त्यात एखादी गोष्ट बसते म्हणजे ती लिहिणाऱ्याच्या मनात होती, असे होत नाही. वही दावा करत नाही. तिच्यात फसलेले हिशेबही राहतात.

चौथा साक्षीदार छापील आहे: ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयआरई’चा फेब्रुवारी १९४७ चा अंक. त्यात बेल प्रयोगशाळेच्या जॉन पियर्स आणि लेस्टर फील्ड यांचा लेख आहे, पियर्सचा स्वतंत्र सैद्धांतिक लेख आहे आणि तेव्हा ऑक्सफर्डला असलेल्या कॉम्फ्नरचाही आहे. पियर्सने ब्रिटनमधले हे काम १९४४ मध्ये जाणून घेतले होते. त्याच्या सिद्धांताची खुबी अशी की मळसूत्राची किचकट भूमिती त्याने बाजूला ठेवली आणि त्याच्या जागी साधी ट्रान्समिशन लाइन मांडली. तारेच्या प्रत्येक तुकड्याला थोडे इंडक्टन्स, थोडे कपॅसिटन्स, तारयंत्राच्या काळापासून अभियंते वापरत आलेली तीच मांडणी. फक्त तिच्याशेजारून इलेक्ट्रॉनांचा झोत जातो. लाइनवरचा दाब झोताला हलवतो, झोतातला प्रवाह लाइनवर दाब निर्माण करतो. दोन्ही समीकरणे एकत्र केली की पुढे जाणाऱ्या तरंगांसाठी घनसमीकरण मिळते आणि त्याची तीन उत्तरे येतात: एक वाढणारा तरंग, एक घटणारा, एक तसाच राहणारा.

अभियंत्यांच्या तोंडी असलेले वर्धनाचे सूत्र यातूनच निघते. त्यात वजा ९.५४ डेसिबलचा एक आकडा येतो आणि नवख्याला तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. वास्तविक आत शिरणारा संकेत या तीन तरंगांत सारखा वाटला जातो, वाढणाऱ्याच्या वाट्याला दाबाचा तिसरा हिस्सा येतो, आणि एक तृतीयांश म्हणजेच वजा ९.५४ डेसिबल. पुढची सगळी वाढ या तोट्यातून सुरू होते.

पियर्स आणि फील्ड यांनी दिलेले मोजमाप असे: ३,६०० मेगाहर्ट्झच्या आसपास २३ डेसिबल, म्हणजे शक्तीत सुमारे २०० पट वाढ, आणि पट्टारुंदी ८०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेतल्या टेलिव्हिजनच्या एका वाहिनीला ६ मेगाहर्ट्झ लागत. निव्वळ रुंदीच्या हिशेबाने एका नलिकेत १३३ वाहिन्या मावल्या असत्या. अर्थात इतकी उघडी नलिका धोक्याचीही असते. टोकाकडून परावर्तित झालेला तरंग मागे येतो, पुन्हा वाढतो आणि नलिका आपोआप बोंबलू लागते. म्हणून बेलमध्ये मळसूत्रावर मुद्दाम ऊर्जा गिळणारा भाग ठेवला गेला. मागे येणारा तरंग त्यात मरतो. पुढे जाणाऱ्याचीही तिथे छाटणी होते, पण झोतातले घोळके सहीसलामत पार होतात आणि पलीकडे तरंग पुन्हा उभा करतात.

इतके असूनही बेलने घाई केली नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को सूक्ष्मतरंगांची जी साखळी टेलिव्हिजन आणि टेलिफोनसाठी पूर्ण झाली, तिच्यात जॅक मॉर्टनचा अतिशय जवळ जाळी असलेला ट्रायोड बसवलेला होता. तो जुन्या घराण्यातला, पण सरावाचा. नव्या नलिकेला पहिली रोजची नोकरी ब्रिटनमध्ये लागली. मँचेस्टरहून स्कॉटलंडमधल्या कर्क ओ’शॉट्स केंद्रापर्यंत बीबीसीची चित्रे नेणाऱ्या टपाल खात्याच्या दुव्यात १९५२ मध्ये एसटीसी कंपनीच्या ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब बसल्या. रडारच्या खरखरीवर उतारा म्हणून निघालेली वस्तू चित्रांच्या वाहतुकीला लागली. कॉम्फ्नर तोवर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन बेलमध्ये पियर्सचा सहकारी झाला होता. १० जुलै १९६२ ला सुटलेल्या टेलस्टार उपग्रहात हजाराहून जास्त ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टरला हे नाव पियर्सनेच सुचवलेले. तरी पृथ्वीकडे संकेत पाठवायला एक नलिका ठेवावीच लागली आणि ती हीच होती.

हेफचे दुसरे एक काम मात्र या वादापासून दूर आहे. आरसीएमध्ये असताना त्याने केलेला आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला इंडक्टिव्ह आउटपुट वर्धक जवळपास चाळीस वर्षे पडून राहिला. १९८० च्या दशकात यूएचएफ टेलिव्हिजनच्या प्रक्षेपकांसाठी तो पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि क्लायस्ट्रॉनची जागा घेऊ लागला. तिथे कोणी वही पुढे केलेली नाही. मळसूत्री नलिकेबाबत माझा निवाडा असा: मळसूत्र आणि झोत शेजारी ठेवण्याचा अग्रहक्क हेफचा, मोजलेल्या वर्धनाचा लिंडेनब्लाडचा, आणि नलिका चालती करून दुसऱ्यांना बांधता येईल इतकी स्पष्ट करण्याचा कॉम्फ्नर-पियर्सचा. आरसीएकडे दोन पेटंटे असताना १९४७ च्या त्या फेब्रुवारी अंकात या नलिकेवर लिहिणारे तिघे बेल आणि ऑक्सफर्डचे होते.