दम आणि दमा
'दम' म्हणजे श्वास. शब्द फारसीतला, पण मराठीत तो धरवतो, लागतो, आणि त्याचा दमाही होतो. बाराव्या शतकात कैरोत मैमोनिदिस या यहुदी हकिमाने दम्यावर अरबीत अख्खा ग्रंथ लिहिला.

तोंडाने ओढायचा आजचा पंप अमेरिकेत १९५६ साली आला. पुढच्याच वर्षी जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीला आले. गरोदर बायकांना ते मळमळीवर दिले गेले आणि हजारो बाळे अधू हातापायांची जन्मली. १९६१ साली तिथे ते बंद झाले. भीती उरली, आणि ती रास्तच होती. पण तिने सगळी औषधे एकाच माळेत ओवली.

माझी धाकटी बहीण पोटुशी असताना घरच्या थोरल्यांनी तिचा पंप कपाटात ठेवला. सातव्या महिन्यात एका रात्री तिला धाप आवरेना. डॉक्टरीणबाई एवढेच म्हणाल्या, "आईलाच दम मिळेना, तर बाळाला कुठून?"

मंडळी, पंपाचे औषध थेट फुफ्फुसात जाते. रक्तात थोडे उतरते, दुधात त्याहून कमी. न आवरलेला दमा बाळाला त्याहून जड जातो. माझ्या भाचीने पुढे सव्वा वर्ष आईचे दूध प्यायले. पंप तेव्हाही सकाळ-संध्याकाळ चालू होता, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून.