लखिना पॅटर्न

सरकारी कार्यालयाची जागा, दप्तर आणि कामकाज यांची एकत्रित फेरमांडणी करणारी महाराष्ट्रातील पद्धत. 1980 च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ती जिल्हाधिकारी कार्यालयात राबवली. पुढे तिचा अवलंब राज्यभर झाला.

स्वरूप : टेबलावरील कागदपत्रांचे सहा गठ्ठे करतात : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नाश करायचे कागद. निकाली प्रकरणांचे वर्गीकरण जतनाच्या मुदतीनुसार होते : ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे, ‘ड’ 1 वर्ष.

जागेवरील परिणाम : मुदत संपलेले कागद वेळेवर निघाले, की कपाटे रिकामी होतात, टेबले मोकळी होतात आणि बैठकव्यवस्था सुटसुटीत लावता येते. बदलीवर आलेल्या लिपिकालाही गठ्ठा पाहून कोणते काम कुठे अडले आहे ते कळते. गावातून फेरफार किंवा दाखल्यासाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हीच खरी सुधारणा होय, कारण फाईल सापडली तरच काम पुढे सरकते.

सद्यःस्थिती : ऑनलाइन सातबारा, ई-फेरफार व ई-ऑफिस यांमुळे दप्तराचा मोठा भाग संगणकावर गेला आहे. तरीही वर्गीकरण, जतनाची मुदत आणि वेळेवर निपटारा ही तत्त्वे संगणकीय फायलींनाही तितकीच लागू पडतात.