सारंगखेड्याची यात्रा आणि तमाशातील नर्तकी
शहादा तालुक्यातील (जि. नंदुरबार) तापीकाठचे सारंगखेडा हे गाव एकमुखी दत्ताची यात्रा व घोडेबाजार यांसाठी प्रसिद्ध आहे. दत्तजयंतीपासून भरणाऱ्या या यात्रेत तमाशाचे फडही उतरतात. फडातील तरुण नर्तकीचे केवळ लावणीवर भागत नाही. गवळणीत ती गौळण होते, रंगबाजीत नाचते आणि वगात भूमिका वठवते. कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांनी तर नृत्याबरोबरच वगातील पुरुष भूमिकाही गाजविल्या. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांना गौरविण्यात आले. फडाचे वर्षभराचे गणित मात्र गावोगावच्या यात्रांवरच अवलंबून असते. २०२० मध्ये करोनामुळे राज्यातील यात्रा बंद झाल्या, तेव्हा या अष्टपैलू कलावंतांची रोजीरोटीच थांबली.