हृत्ताल-ॲब्लेशन व मस्तिष्काघात
हृत्ताल-ॲब्लेशन व मस्तिष्काघात : हृदयस्पंदनाचा बिघडलेला ताल सुधारण्यासाठी नीलेतून किंवा रोहिणीतून आत सरकविलेल्या लवचिक नळीच्या (कॅथेटरच्या) टोकाने दोषी ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहाचा) नेमका नाश करण्याच्या क्रियेला ॲब्लेशन म्हणतात. या क्रियेच्या वेळी वा नंतरच्या काही दिवसांत रक्ताची गुठळी, हवेचा बुडबुडा किंवा जळालेल्या ऊतकाचा कण मेंदूच्या रोहिणीत अडकून होणारा मस्तिष्काघात हा तिचा विरळा, पण अत्यंत भयप्रद उपद्रव होय. त्याचा इतिहास बऱ्याच अंशी एका गैरसमजाच्या दुरुस्तीचा आहे. सावधगिरी म्हणून जी रीत पाळली जात होती, तीच पुष्कळदा आघाताला कारण होत होती.

हृदयातील जादा विद्युत् मार्ग तोडून ताल सुधारता येतो, हे १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेने दाखविले. छाती न उघडता तेच साधण्याची कल्पना मात्र एका अपघातातून पुढे आली. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये एका तपासणीच्या वेळी दिलेला विजेचा धक्का आत असलेल्या कॅथेटरमार्फत हृदयातील संवाहक ऊतकापर्यंत पोहोचला व ते कायमचे निकामी झाले. १९८१ मध्ये मेल्व्हिन शाइनमन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे हाच परिणाम हेतुपूर्वक घडवून आणला. १९८७ पासून धक्क्याऐवजी रेडिओ कंप्रतेच्या प्रवाहाची सौम्य उष्णता वापरात आली आणि १९९१ च्या सुमारास ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. या काळातील बरेचसे काम हृदयाच्या उजव्या बाजूस चाले. तेथे गुठळी झालीच, तरी ती फुप्फुसात गाळली जाते. त्यामुळे मस्तिष्काघाताचा प्रश्न फारसा पुढे आला नाही.

तो पुढे आला १९९८ नंतर. बॉर्दो येथील मीशेल आइसागेर व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, अलिंद तंतुकंपनाच्या (हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरण्याच्या) विकारात चुकीच्या प्रेरणा बहुधा फुप्फुस नीलांच्या मुखांतून उगम पावतात. ही मुखे डाव्या अलिंदात उघडतात. तेथे पोहोचण्यासाठी दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्र पाडावे लागते व एकदा डाव्या बाजूस गेल्यावर सुटलेला प्रत्येक कण सरळ महारोहिणीत जातो. शिवाय तंतुकंपनात डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या उपांगात रक्त साचून राहते, म्हणजे गुठळी आधीच तेथे असू शकते. तापलेल्या टोकावर रक्तातील प्रथिने साखळतात, नळीच्या आवरणातून हवा शिरू शकते आणि क्रियेनंतर काही आठवडे अलिंद सुन्न राहते. क्वचित अलिंद व त्यामागील अन्ननलिका यांत भगदाड पडून काही आठवड्यांनी मेंदूत हवा जाते. हा प्रकार बहुधा प्राणघातक ठरतो.

कॅपाटो व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत (८,७४५ रुग्ण) मस्तिष्काघाताचे प्रमाण ०·२८% आढळले. हे आकडे रुग्णालयांनी स्वतः कळविलेले असल्यामुळे ते काहीसे सौम्यच मानावेत. त्या काळी रक्तस्रावाच्या भीतीने क्रियेपूर्वी काही दिवस वारफारीन हे रक्तक्लथनरोधक (रक्त गोठू न देणारे) औषध बंद करून मधल्या काळात हेपारिनाची अंतःक्षेपणे देत. २०१४ मध्ये १,५८४ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध थांबविलेल्या गटात ३·७% रुग्णांना मस्तिष्काघात झाला, औषध चालू ठेवलेल्या गटात केवळ ०·२५% रुग्णांना. विशेष म्हणजे किरकोळ रक्तस्रावही औषध चालू ठेवलेल्या गटातच कमी होता. औषध न थांबविणे, क्रियेपूर्वी अन्ननलिकेतून ध्वनिचित्रण करून गुठळी शोधणे, क्रियेच्या वेळी हेपारिनाने रक्तक्लथनाचा काळ ३०० सेकंदांवर ठेवणे आणि टोक द्रवाने थंड राखणारे कॅथेटर या गोष्टींनी धोका बराच घटला. उष्णतेऐवजी सूक्ष्मकालिक विद्युत् स्पंदांनी पेशी मारणाऱ्या नव्या पद्धतीच्या २०२४ मधील पाहणीत (१७,६४२ रुग्ण) हे प्रमाण ०·१२% होते.

वारफारिनाचा उगम शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे. १९२०–३० च्या दशकात अमेरिका व कॅनडा येथे कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्या गवतातील द्रव्य विस्कॉन्सिन येथे कार्ल पाउल लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले. त्यावरून बनविलेले वारफारीन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून व १९५४ मध्ये माणसासाठी औषध म्हणून आले.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या विस्तृत ग्रामीण प्रदेशात हा विषय वेगळ्या रूपात समोर येतो. भारतातील तंतुकंपनाच्या रुग्णांच्या एका राष्ट्रीय नोंदीत जवळजवळ निम्म्या रुग्णांना संधिज्वरजन्य झडपविकार होता व त्यांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होते. पाश्चात्त्य रुग्ण याहून बरेच वयस्क असतात. झडप अरुंद झालेल्या अशा रुग्णांत ॲब्लेशनचा उपयोग मर्यादित असून मस्तिष्काघाताचा धोका मूळ रोगातच मोठा असतो. तो टाळण्याचा आधार पुन्हा जुने वारफारीन व त्याच वर्गातील औषधे हाच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सु. ४,५०० रुग्णांवरील चाचणीत नव्या रिव्हारोक्झाबानापेक्षा ही जुनी औषधेच श्रेष्ठ ठरली. मात्र त्यांसाठी रक्ततपासणी वारंवार करावी लागते. १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या, राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगराळ भागातील किंवा जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यातील रुग्णाला ते सोपे नाही. लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याआधी, १९७० मध्ये, रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू करून गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्यांचे काम मुख्यतः माता-बालकांचे आरोग्य, कुष्ठरोग व क्षय यांविषयी होते; परंतु संधिज्वर झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीन मिळत राहणे, हे कामही घरोघर जाणाऱ्या अशाच माणसांवर अवलंबून असते.

ॲब्लेशन झालेल्या रुग्णानेही क्रियेनंतर किमान दोन-तीन महिने रक्तक्लथनरोधक घ्यावयाचे असते. आघाताचा धोका अधिक असलेल्यांनी ते त्यापुढेही चालू ठेवावे लागते. ताल सुधारला, धडधड थांबली, म्हणून गावी परतल्यावर गोळी सोडून देणे धोक्याचे असते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा वाचा अडखळणे यांपैकी काही दिसताच रुग्णालय गाठावे लागते. कारण गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि नगर ते पुणे हे अंतरच सु. १२० किमी. आहे. अलीकडेच ॲब्लेशन झाले असल्यास ही गोष्ट तेथील वैद्यास प्रथम सांगावी. त्यावरून उपचार बदलतात. विशेषतः अन्ननलिकेला भगदाड पडल्याचा संशय असल्यास अन्ननलिकेतून दुर्बीण घालणे टाळावे लागते.