वायुशीत मोटार-इंजिन : शक्तिवाढ (वऱ्हाड)

पाण्याऐवजी हवेच्या झोताने थंड राहणाऱ्या लहान, जुन्या मोटारींच्या इंजिनातून कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा अधिक अश्वशक्ती मिळवण्याच्या पद्धती. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः फोक्सवॅगन बीटल, फियाट ५०० आणि सित्रोएन टू सीव्ही यांची इंजिने व अकोला-अमरावती भागातील हवामान यांचा विचार केला आहे. मेस्त्री या कामाला ‘पॉवर वाढवणे’ म्हणतात. त्यातला सिलिंडर मोठा करण्याचा भाग म्हणजे ‘बोअर मारणे’.

रचना : या इंजिनांना रेडिएटर, पाण्याचा पंप, होज यांपैकी काहीच नसते. सिलिंडर व हेड यांच्या बाहेरच्या अंगाला पातळ फिन असतात आणि पंखा त्यांवर हवा मारतो. बीटलचे चार सिलिंडर मागच्या बाजूस, दोन-दोन समोरासमोर आडवे असतात. पंखा डायनॅमोच्या दांड्यावर बसतो व पट्ट्याने फिरतो. पट्टा तुटला की डायनॅमोचा लाल दिवा लागतो. अशा वेळी गाडी तशीच पुढे नेली तर इंजिन धरते. फियाट ५०० चे दोन सिलिंडर मागे, उभे व शेजारी-शेजारी असतात. टू सीव्हीचे दोन सिलिंडर पुढे, समोरासमोर असतात. तिचा पंखा थेट क्रँकच्या टोकावर असल्याने तुटायला पट्टाच नाही. तिन्हींत इंजिन ऑइल हे वंगण असते, तसेच उष्णता वाहून नेणारे द्रवही असते. बीटलमध्ये ते जेमतेम अडीच लिटर मावते.

कारखान्यांनी केलेली वाढ : बीटलचा इतिहास हाच शक्तिवाढीचा उत्तम धडा आहे. युद्धोत्तर १,१३१ घ. सेंमी. इंजिन २५ अश्वशक्तीचे होते व त्याचे संपीडन गुणोत्तर ५.८ होते. १९५४ मध्ये १,१९२ घ. सेंमी. व ३० अश्वशक्ती. १९६० मध्ये तेवढ्याच आकारमानात, गुणोत्तर ७.० करून, ३४. १९६५ मध्ये ४०, १९६६ मध्ये ४४ आणि १९७० मध्ये १,५८४ घ. सेंमी. इंजिनातून ५० अश्वशक्ती, असा हा चढ आहे. पहिली पोर्श ३५६ (१९४८) बीटलच्याच १,१३१ घ. सेंमी. इंजिनावर उभी राहिली. संपीडन व श्वसन सुधारून त्यातून सुमारे ३५ अश्वशक्ती काढली होती. फियाट ५०० मूळ ४७९ घ. सेंमी. व १३ अश्वशक्तीची होती (१९५७). तिच्या ७३.५ मिमी. बोअरच्या ५९४ घ. सेंमी. आबार्त आवृत्तीत (१९६३) २७ अश्वशक्ती मिळते. पुढे कारखान्याच्या ५०० आर या गाडीत त्याच ५९४ घ. सेंमी. मधून फक्त १८. आकारमान सारखे असूनही दीडपट फरक पडतो तो संपीडन, कॅम, कार्ब्युरेटर व सायलेन्सर यांमुळे. टू सीव्ही ३७५ घ. सेंमी. व ९ अश्वशक्तीवरून निघाली आणि ६०२ घ. सेंमी. पर्यंत गेली.

जर्मन (डीआयएन) व जुनी अमेरिकी (एसएई) मोजणी यांचे आकडे जुळत नाहीत. बीटलचे एकच १,१९२ घ. सेंमी. इंजिन पहिल्या मोजणीत ३४ व दुसरीत ४० अश्वशक्तीचे ठरते. विक्रेत्यांनी छापलेले शक्तिवाढीचे आकडे त्यामुळे जपूनच घ्यावेत.

उष्णता : वऱ्हाडात या विषयाचा गाभा हाच आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५° से. च्या वर जातो. हवा तापली की विरळ होते. १५° से. च्या तुलनेत ४५° से. ला त्याच दाबाची हवा सुमारे साडेनऊ टक्के हलकी भरते, आणि अकोल्याच्या सुमारे २८० मीटर उंचीमुळे आणखी तीन टक्के जातात. पुस्तकात ३४ अश्वशक्तीचे असलेले इंजिन अकोल्यात भर दुपारी ३० च्या आसपास येते. चांगला सायलेन्सर लावून व कार्ब्युरेटरचे जेट बदलून जी तीन-चार अश्वशक्ती हाती लागायची, ती इथल्या उन्हाने आधीच खाल्लेली असते. चिखलदऱ्याला (सुमारे १,१०० मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्क्यांनी कमी असतो; तिथला गारवा त्यातला थोडाच भाग परत देतो.

थंडाव्याची बाजू याहून वाईट आहे. फिनमधून निघणारी उष्णता हेड व हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. हेड १८०° से. धरले, तर १५° से. हवेत हा फरक १६५ अंशांचा असतो आणि ४५° से. हवेत १३५ अंशांचा. तोच पंखा त्याच वेगाने फिरून सुमारे १८ टक्के कमी उष्णता काढतो. विरळ हवेचा तोटा वेगळाच. वाढवलेली प्रत्येक अश्वशक्ती मात्र जादा उष्णता घेऊनच येते. म्हणून या भागात कामाचा क्रम उलटा ठेवावा लागतो : आधी थंडावा, मग शक्ती.

(अ) इंजिनाभोवतीचे सर्व पत्रे व कडेची रबरी पट्टी जागेवर हवी. पट्टी नसेल तर सायलेन्सरजवळची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. ‘पत्रे काढले की इंजिनाला हवा लागते’ ही समजूत चुकीची आहे. पत्र्यांशिवाय झोत फिनमधून न जाता बाहेर सांडतो. (आ) जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या पेटीतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर असतो. त्या सिलिंडरला तापलेली हवा मिळते व त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळतो. कारखान्याने त्या सिलिंडरचे टायमिंग काही अंश मागे ठेवून वेळ निभावली आणि १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पेटीच्या मागे, वेगळ्या वाटेवर नेला. ही नंतरची पेटी जुन्या इंजिनावर चढवणे हा वऱ्हाडासाठी सर्वांत उपयोगी बदल होय. (इ) ‘पॉवर पुली’ या नावाने मिळणारी लहान क्रँक-पुली पंख्याचा वेग कमी करून थोडी शक्ती वाचवते. थंड देशातील शर्यतींपुरती ती ठीक, इथे वर्ज्य. (ई) पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असल्याने परतवाडा-चिखलदरा घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नेण्यापेक्षा दुसऱ्यात फिरती ठेवणे इंजिनाला सुखाचे असते. (उ) गळक्या इंजिनाच्या तेलकट फिनवर काळ्या मातीची धूळ आणि हंगामात रुईचे तंतू बसतात. हा थर कांबळ्यासारखे काम करतो. रॉकेलने धुऊन फिन मोकळे करणे यात खर्च जवळजवळ नाही.

अमरावती-अकोला महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ५३) जून २०२२ मध्ये ७५ किमी. डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकल्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला तसा जुन्या गाडीचा धोका वाढला. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाय आपोआप सुटत असे. आता अ‍ॅक्सिलरेटर तासभर दाबलेला राहतो आणि ऑइल निवायला उसंत मिळत नाही.

बोअर : बीटलचे सिलिंडर सुटे असल्याने पिस्टन-सिलिंडरचा जोड पूर्ण बदलता येतो. १,५८४ घ. सेंमी. इंजिनात ८५.५ मिमी. ऐवजी ८७ मिमी. चा जोड बसवला की १,६४१ घ. सेंमी. होतात. ८८ मिमी. चा जोडही क्रँककेस न कापता बसतो, पण त्याची भिंत पातळ असते व तापल्यावर गोलाई सुटते. याहून मोठ्या जोडांसाठी क्रँककेस व हेड लेथवर कापावे लागतात. काहींच्या मते ८७ मिमी. चा जोडही इथल्या उन्हात टिकत नाही. यावर एकमत नाही.

श्वसन व गाळणी : मूळ ऑइलबाथ एअर फिल्टर काढून उघडा फिल्टर लावल्याने मिळणारी शक्ती नगण्य असते. उन्हाळ्यातील धुळीत रिंगा झिजतात त्या मात्र कायमच्या.

इंधन : वायुशीत हेड तापलेले असल्याने संपीडन फार चढवता येत नाही, साडेसातच्या पुढे गेल्यास चढावर खडखड (नॉकिंग) सुरू होते व पिस्टनला भोक पडू शकते. भारतातून शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये हद्दपार झाले; तेव्हापासून मऊ व्हॉल्व्ह-सीट असलेल्या जुन्या हेडमध्ये कठीण सीट बसवणे श्रेयस्कर मानतात. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो व मिश्रण थोडे थंडही राहते, पण जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडते आणि पातळ मिश्रण हेड तापवते. मेन जेट एक-दोन नंबर मोठा करणे व रबरी नळ्या बदलणे हा त्यावरचा उपाय. निव्वळ लाभ की तोटा, याविषयी मतभेद आहेत.

 

स्पर्धा : शर्यतींचे कायमचे मार्ग चेन्नई, कोइमतूर व ग्रेटर नोएडा येथे आहेत, वऱ्हाडात नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. घनक्षमता हा त्यातील एक तपशील आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या सिलिंडरला ओव्हरसाइज पिस्टन टाकणे ही दुरुस्ती की फेरबदल, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते.

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते, त्यामुळे अमरावतीचा २७ किंवा अकोल्याचा ३० हा आकडा पाटीवरून जातो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नोंदणी दहा वर्षे टिकते; चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेल्या गाडीला ती मिळत नाही.