गाडीत बाहेरून आरपीएम मीटर बसवताय? कायदा काय सांगतो, वायर कुठे जोडायची?

जुनी मारुती ८०० असो किंवा एखाद्या हॅचबॅकचं बेस मॉडेल, अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर स्पीडोमीटर असतो, पण टॅकोमीटर नसतो. टॅकोमीटर म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा आरपीएम मीटर. तो बाजारातून आणून बसवता येतो. पण 'मॉडिफिकेशन केलं की आरटीओचा दंड' हे ऐकून अनेक जण कचरतात. प्रत्यक्षात कायद्यापेक्षा जास्त चुका वायरिंगमध्ये होतात.

हे बेकायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती आणि निर्मात्याची मूळ नोंद यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

पण आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, रंग, आसनक्षमता अशा नोंदी असतात. आरपीएम मीटरची नोंद नसते. त्यामुळे तो लावल्याने आरसीत फरक पडत नाही. एवढं मात्र पाळा:

- मूळ स्पीडोमीटर काढू किंवा झाकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो बंधनकारक आहे.
- मीटरमुळे रस्ता किंवा वॉर्निंग लाइट दिसायला अडथळा नको.
- एअरबॅग उघडण्याच्या जागेवर मीटर चिकटवू नका.
- मीटरला लाल-निळा शिफ्ट लाइट असेल, तर तो समोरच्या काचेतून बाहेर दिसता कामा नये.

कोणती वायर कुठे?

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. साध्या मीटरला सहसा चार वायर असतात. रंग कंपनीनुसार बदलतात, म्हणून सोबतचा कागद बघूनच जोडा.

- पॉवर (बहुधा लाल): चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनला, कागदावर दिलेल्या अँपिअरचा फ्यूज लावून. थेट बॅटरीला जोडली तर मीटर कायम चालू राहून बॅटरी उतरू शकते.
- अर्थ (बहुधा काळी): बॉडीच्या रंग खरवडलेल्या, स्वच्छ धातूला.
- लाइट: पार्किंग लाइट लावल्यावर चालू होणाऱ्या लाइनला.
- सिग्नल: जुन्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलला. कॉइलमधून निघणाऱ्या जाड हाय टेन्शन वायरला कधीही नाही.

इंजिनजवळून येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच आत घ्या. पत्र्याच्या कडेला घासून इन्सुलेशन गेलं, तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते.

आकडा चुकीचा का दिसतो?

मीटर कॉइलचे स्पार्क मोजतो. एकच कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्पार्क पडतात, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात सरासरी दीड. कार्बोरेटरवाली मारुती ८०० तीन सिलिंडरची आहे. तिच्यात मीटर '४ सिलिंडर'वर ठेवला, तर इंजिन ४००० आरपीएमवर असताना काटा ३००० दाखवेल. चालक निर्धास्तपणे रेस करत राहील आणि भार इंजिनावर पडेल. अनेक स्वस्त मीटरमध्ये फक्त ४, ६ आणि ८ हेच पर्याय असतात. त्यामुळे घेण्याआधी '३'चा पर्याय आहे का ते बघा.

नव्या आणि डिझेल गाड्यांचं काय?

डिझेल इंजिनात इग्निशन कॉइलच नसते. तिथे अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून सिग्नल घेणारा, डिझेलसाठी बनवलेला मीटर लागतो. नव्या पेट्रोल गाड्यांत बहुधा प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, त्यामुळे साधा मीटर चुकीचा आकडा दाखवतो. अशा गाडीत स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लागणारा मीटर सोयीचा. त्यासाठी एकही वायर कापावी लागत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर हे महत्त्वाचं आहे. वायर कापून जोड दिलेला दिसला, तर त्यामुळे झालेल्या बिघाडाचा क्लेम कंपनी नाकारू शकते. काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी जादा प्रीमियम भरून वेगळं संरक्षणही घेता येतं.