धारूरची शाळा आणि शरदाचे दोन महिने

जयंतीची स्मरणिका निघाली म्हणजे तींत मंदिराच्या पायाभरणीची हकीकत, घंटेचा इतिहास व होऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं चरित्रें द्यावयाचीं, असा आपला परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आपण ज्या मुलखांत राहतों त्याचा इतिहास गांवच्या प्राथमिक शाळेंतही घडत असतो. धारूरच्या डोंगरपट्ट्यांत तर तो वर्षाच्या एका ठराविक काळांत घडतो. आश्विन व कार्तिक हे ते दोन महिने होत. शाळा आणि घर यांचा संबंध येथें याच दोन महिन्यांत जुळतो किंवा तुटतो. तो कसा जुळत आला व कोठें तुटत आला, हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

धारूर हें बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या रांगेवर वसलेलें जुनें गांव. येथील किल्ला १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान यानें बांधविला. पुढें तो निजामशाहीकडे गेला आणि १६३१ सालीं मोगलांच्या हातीं पडला. 'फतेहाबाद' हें गांवाचें दुसरें नांव त्या जुन्या राजवटींची आठवण देतें. भोंवतालची जमीन बहुतेक मुरमाड, उताराची व सर्वस्वी पावसावर अवलंबून असलेली. या डोंगरांनीं माणसाला न मागतां दिलेलें फळ म्हणजे सीताफळ. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हें फळ शरदांत पिकतें. ज्या दिवसांत पोरें डोंगरांतून सीताफळांच्या टोपल्या भरून आणतात, त्याच दिवसांत घरचीं वडील माणसें मुकादमाच्या निरोपाची वाट पाहत असतात.

शाळेच्या दृष्टीनें शरद हा वर्षांतला सर्वांत गजबजलेला ऋतु. १७ सप्टेंबरास मराठवाडा मुक्तिदिनाचें ध्वजवंदन होतें. १९४८ सालीं त्याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करली. २ ऑक्टोबरास गांधीजयंतीच्या निमित्तानें मुलें हातांत खराटे घेऊन आवार झाडतात. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर. तो २०१५ पासून राज्यांतील शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. नवरात्रांत मुली फेर धरून गाणीं म्हणतात, आणि दसऱ्यास पाटीवर एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढून पाटीपूजन करण्याची जुनी चाल आहे. ज्यांच्या घरीं ही पूजा नाहीं, अशींही मुलें त्या दिवशीं आपली पाटी कोळशानें घासून लखलखीत करीत, हें आपल्यापैकीं वयस्कांस आठवत असेल. पुढें सहामाही परीक्षा, निकाल व दिवाळीची सुट्टी.

या सर्व कार्यक्रमांस आईबाप येतात, कारण तेव्हां तीं गांवांत असतात. खरिपाचें पीक काढून झालेलें किंवा होत आलेलें असतें. हाताला थोडी उसंत असते. ध्वजवंदनास बाप मागें उभा राहतो, आई निकालास येते, आजी नातीचें गाणें ऐकण्यास ओसरीवर बसते. बाहेरून पाहणारास वाटावें कीं, घर आणि शाळा यांचें येथें किती उत्तम मेतकूट जमलें आहे! परंतु हा समज दिवाळीपुरताच टिकतो. शाळेच्या पंचांगांत शरद हा पहिल्या सहामाहीचा शेवट असतो. घराच्या पंचांगांत तो वर्षाचा आरंभ असतो. निजामी अमलांतील फसली सालही ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्यापासून सुरू होई. तें साल गेलें. पण घराचें साल अजून तेव्हांच सुरू होतें, आणि त्याचा पहिला दिवस म्हणजे गांव सोडण्याचा दिवस.

हें असें कां झालें, तें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. स्वातंत्र्यापूर्वीं हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. १८८४ मध्यें संस्थानची राजभाषा उर्दू झाली, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें शिक्षणाचें माध्यम म्हणून तीच स्वीकारली. मराठी घरांतील मुलास वरच्या शिक्षणाकडे जावयाचें तर परक्या भाषेचा उंबरठा ओलांडणें भाग होतें. त्या काळीं ज्या मराठी शाळा तग धरून राहिल्या, त्या लोकांच्या वर्गणीवर व निष्ठेवर राहिल्या. धारूरच्या शेजारीं अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस, १९१७ सालीं स्थापन झालेली योगेश्वरी ही अशीच एक शाळा होय. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं तेथें कांहीं वर्षें अध्यापन केलें. शाळा चालवावयाची तर घरानें कांहींतरी द्यावयाचें, हा तेव्हांचा रिवाज होता. ज्यानें पायली धान्य दिलें तोही शाळेस आपली म्हणे.

१९४८ नंतर चित्र पालटलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्या हातीं आल्या. शाळा वाडीवस्तीपर्यंत पोहोंचली, मातृभाषेची झाली, फुकट झाली. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली: शाळा सरकारची झाली, आणि घराचा तींतला वाटा सणासमारंभापुरता उरला.

त्याच काळांत धारूरपासून दूर दुसरी एक घडामोड चालली होती. नगर जिल्ह्यांत प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५० च्या अखेरीस तेथें गाळप सुरू झालें. पुढें पश्चिम महाराष्ट्रांत अशा कारखान्यांची रांगच लागली. पाणी तिकडे, ऊस तिकडे. तो तोडणारे हात मात्र कोरडवाहू मुलखांतले. १९७२ च्या भीषण दुष्काळानें हा ओघ आणखी वाढविला. ज्यांच्या शेतांत कुसळही उगवलें नाहीं, त्यांनीं बैल जुंपले व कारखान्याची वाट धरली. पुढें पाऊस आला तरी ती वाट मोडली नाहीं.

या कामाची रीत अशी आहे. मुकादम पावसाळ्यांतच कुटुंबास उचल देतो, आणि हंगामभर राबून ती फेडावयाची असते. मजुरांची मोजणी कोयत्यानें होते. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकानें खाडा केला तर मजुरी बुडते, वर दंडही बसतो. पहांटेच्या अंधारांत जोडी फडांत उतरते. मग कोपींत तान्हें मूल कोणी सांभाळावें? दहा वर्षांच्या मुलीनें. वाढें गोळा कोणी करावें, घागर कोणी भरावी? तिच्याच भावानें. शाळेचा हजेरीपट आणि मुकादमाची वही, अशा दोन वह्या त्या एका मुलावर हक्क सांगत असतात. मुलीचा प्रसंग तर अधिकच अवघड. ती थोडी मोठी झाली कीं मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईस चिंता. आणि लग्न उरकलें तर एक नवा कोयता तयार होतो, हा व्यवहार. या दोहोंच्या मध्यें तिची शाळा सुटते.

गाळपाचा दिवस सरकार ठरवितें. २०२३ सालीं तो १ नोव्हेंबर होता व लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरास, म्हणजे दिवा लावण्यापूर्वींच हंगामास आरंभ झाला. २०२४ सालीं तो १५ नोव्हेंबर होता, दिवाळी होऊन गेल्यावर. शाळेची सुट्टी मात्र सणावर बेतलेली असते. सुट्टी संपून घंटा वाजते, तेव्हां कित्येक बांकांवर धूळ असते.

आतां हें मूल शाळेंत राहावें म्हणून जे उपाय झाले ते पाहूं. पहिला उपाय, शाळेनें कुटुंबामागें जावें. यांतून साखरशाळा निघाल्या; सामाजिक संस्थांनीं व कारखान्यांनीं त्या तळावर चालविल्या. त्यांनीं पुष्कळ मुलांस अक्षरओळख टिकविण्यास साह्य केलें. परंतु बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ असतो, तर ट्रक भरणाऱ्या टोळ्या फडाबरोबर आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. शाळा कितीदां हलवावी? कोणी कर्नाटकांतील कारखान्यास गेला तर तेथील शाळेची भाषाच निराळी. शिवाय मूल तळावर असलें कीं काम त्याला शोधीत येतेंच.

दुसरा उपाय, मुलानें गांवींच राहावें. २००१ मध्यें सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानाच्या पैशांतून हंगामी वसतिगृहें निघालीं. नांव वसतिगृह, परंतु बहुत ठिकाणीं व्यवस्था अशी कीं, मुलानें दोन्ही वेळां शाळेंत जेवावें आणि रात्रीं आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे निजावें. २०२१ सालीं राज्य सरकारनें संत भगवानबाबांच्या नांवानें ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं व मुलींसाठीं निराळीं अशीं ८२ वसतिगृहें बीडसह १० जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत काढण्याचें ठरविलें. जीं मुलें तरीही जातात, त्यांच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची योजना झाली, कीं जेथें जातील तेथील शाळेनें त्यांस बसवून घ्यावें. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तर १ एप्रिल २०१० पासून लागू आहेच. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळतो कीं नाहीं, हें पाहण्याचें कर्तव्य त्याच्या ९ व्या कलमानें स्थानिक प्राधिकरणावर टाकलें आहे.

मग अडतें कोठें? माझ्या मतें एका साध्या गोष्टींत अडतें. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमानें शाळा व्यवस्थापन समिति नेमली. तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नियम आहे. शाळा पुन्हा घराची व्हावी, हाच त्यांतला हेतु. हंगामी वसतिगृह चालविण्याचा भारही गांवोगांव या समितीवरच आला. परंतु धारूरच्या वाड्यांत हे सभासद कोण? कोयते घेऊन जाणारीं तींच माणसें! कार्तिकापासून चैत्रापर्यंत, म्हणजे मुलाला समितीची खरी गरज असते त्याच सहा महिन्यांत, समितीच फडांत असते. मागें उरतात शिक्षक, कागदावरील सह्या आणि आजी.

ही आजीच या इतिहासांतील न लिहिलेलें पान आहे. मुलाला पहांटे उठविणारी ती, ताप आला तर अंगणवाडीच्या दारीं नेणारी ती, रात्रीं कंदिलाशीं किंवा आतां विजेच्या दिव्याशीं बसून त्याच्या तोंडचे पाढे ऐकणारी ती. स्वतः तिला अक्षर येत नसेल. पण पाढा चुकला कीं नातू अडखळतो, हें तिच्या कानास बरोबर कळतें. सरकारी योजनेंत जेवणाचा खर्च धरलेला असतो, तिच्या जागरणाचा नसतो. तरीही त्या योजना जेथें फळास आल्या, तेथें तिच्याच बळावर आल्या.

येथें कायद्यांतील एक शब्द ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्यानें आईबापांबरोबर 'पालक' असेंही म्हटलें आहे, आणि ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ व ताबा आहे अशी व्यक्ति, हा त्या शब्दाचा अर्थ दिला आहे. म्हणजे सहा महिने नातवंडें सांभाळणारी आजी ही समितींत बसण्यास कायद्यानेंच पात्र आहे. तिला ओसरीवर बसवून नातीचें गाणें ऐकविणें हा मान झाला. तिला समितींत बसवून वसतिगृहाचें धान्य, भाजी व मुलींची रात्रींची सोय यांविषयीं विचारणें, हा तिचा अधिकार होय.

यावरून शरदांतील कार्यक्रमांकडे पाहण्याची दृष्टि थोडी बदलावी, असें वाटतें. ध्वजवंदन, पाटीपूजन व निकाल या दिवसांचें महत्त्व त्यांतील शोभेपेक्षां मोठें आहे. वर्षांतून तेव्हांच सारें घर शाळेंत उभें असतें: बाप, आई, आजी व मूल. दसऱ्यापूर्वीं त्याच अंगणांत पाटीएवढाच एक कागद पुढें घेऊन प्रत्येक मुलामागें तीन प्रश्न विचारावे. घरचे कोयते कधीं व कोठें जाणार? मूल कोणाजवळ राहणार? तें जाणारच असेल तर हमी पत्रक कोणाच्या हातीं दिलें? आणि जाणाऱ्या सभासदाच्या जागीं मागें राहणाऱ्या पालकाचें नांव त्याच सभेंत घालावें. उचल पावसाळ्यांतच घेतली जाते, तर शाळेची बोलणीही पावसाळा संपतांना तरी व्हावीं. मुकादमापेक्षां शाळा उशिरां जागी होणें हेंच आजवर मुलाला महाग पडलें आहे.

वाचकहो, आपल्यापैकीं कोणी शिक्षक आहेत, कोणी समितीचे सभासद, कोणाचे शेजारी दर वर्षीं घराला कुलूप लावून जातात. जयंतीच्या वर्षांत सेवेचे अनेक संकल्प होतात. त्यांत हा एक लहानसा घालावा. शेजारचें दार बंद होतांना, त्या घरचें मूल आज रात्रीं कोठें निजणार, एवढें जाऊन विचारावें. पूर्वीं पायली धान्य देऊन घरें शाळेस आपली म्हणत. आतां विचारपूस करूनही म्हणतां येईल. पाडव्याच्या सुमारास कोयते परत येतील, तेव्हां हजेरीपटावरील तें नांव पुकारल्यावर बांकावरून 'हजर' असा आवाज यावा.